ईसीसी सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेत चार सर्व्हर आहेत, सगळ्यांत ईसीसी मेमरी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी मेमरी आहे. त्यातल्या एकाच्या लॉगमध्ये दर आठवड्याला 'करेक्टेबल एरर', म्हणजे दुरुस्त झालेल्या चुकीच्या नोंदी येतात. विक्रेता म्हणतो, ईसीसी आपलं काम करते आहे, दुर्लक्ष करा. ही चूक-दुरुस्ती आणखी बळकट करता येते का, आणि त्यासाठी महागडी मेमरी घ्यावी का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

विक्रेत्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक. दुरुस्त झालेली चूक म्हणजे मेमरीने तुम्हाला फुकट दिलेली माहिती असते, आणि ती फेकून देणं हा या सगळ्या व्यवस्थेचा सर्वात वाईट वापर. बळकट कोड, म्हणजे जादा तपासणी बिट जोडून चूक शोधण्याची पद्धत, हवा का, हा प्रश्न नंतरचा. आधी चुका कोणत्या आकारात येताहेत ते पाहावं लागतं, कारण प्रत्येक कोड चुकीचा एक ठरावीक आकार गृहीत धरून बांधलेला असतो. आकार वेगळा निघाला की कितीही हुशार कोड हात टेकतो.

मुळापासून सुरुवात करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची तक्रार साधी होती: चूक झाली आहे हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे त्याला का शोधता येऊ नये? त्यांचा उपाय हाताने करून पाहण्यासारखा आहे. चार बिट घ्या: १, ०, १, १. सात जागा मांडा. १, २ आणि ४ या जागा तपासणीच्या बिटांसाठी ठेवा आणि ३, ५, ६, ७ या जागांवर माहिती लिहा. जागा १ चा बिट असा निवडा की १, ३, ५, ७ या जागांवरच्या एकांची संख्या सम व्हावी. जागा २ साठी २, ३, ६, ७ पाहा, जागा ४ साठी ४, ५, ६, ७. आपल्या उदाहरणात शब्द तयार होतो ०११००११. आता सहाव्या जागेचा बिट उलटा: ०११०००१. तपासण्या परत करा. जागा १ ची जुळते, जागा २ आणि जागा ४ ची जुळत नाही. २ अधिक ४ म्हणजे ६. न जुळलेल्या तपासण्यांची बेरीज थेट चुकीच्या जागेचा पत्ता देते. याला सिंड्रोम म्हणतात.

आता सहाव्याबरोबर तिसरा बिटही उलटा. सिंड्रोम ५ येतो. यंत्र निर्धास्तपणे पाचवा बिट उलटतं, सगळ्या तपासण्या जुळतात, आणि शब्दात दोनच्या जागी तीन चुका होतात. लॉगमध्ये नोंद होते: 'एक चूक दुरुस्त केली.' दुरुस्ती करणारा कोड त्याच्या आवाक्याबाहेरच्या चुकीपुढे नुसता अपयशी ठरत नाही, खोटंही बोलू शकतो. मेमरीवर काम करणाऱ्याने हे एवढं उदाहरण एकदा तरी कागदावर करून पाहावं.

खोटं बोलणं टाळायला संपूर्ण शब्दावर आणखी एक तपासणी बिट ठेवतात. दोन बिट उलटले तर ही एकूण तपासणी जुळते पण सिंड्रोम शून्य नसतो. या विसंगतीवरून यंत्राला कळतं की प्रकरण आपल्या हाताबाहेरचं आहे. ६४ बिटांच्या शब्दाला दुरुस्तीसाठी ७ तपासणी बिट लागतात आणि हा आठवा. एकूण ७२. साध्या मॉड्यूलच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, एका बाजूला आठ चिप आणि ईसीसी मॉड्यूलच्या बाजूला नऊ दिसतात, त्याचं कारण हेच. एक चूक दुरुस्त, दोन ओळखायच्या, या पद्धतीला सेकडेड म्हणतात. १९७० साली आयबीएमच्या एम. वाय. शाओ यांनी तिची अशी मांडणी शोधली की संपूर्ण शब्दावरची वेगळी तपासणी मोजण्याची गरजच राहत नाही: प्रत्येक बिटाचा सिंड्रोम विषम संख्येच्या एकांचा ठेवला, की कोणत्याही दोन चुकांचा मिळून सम होतो आणि तिथेच पकडला जातो. सर्किट लहान आणि वेगवान झालं. पुढची कित्येक वर्षं सर्व्हरच्या मेमरी कंट्रोलरमध्ये, म्हणजे मेमरी हाताळणाऱ्या सर्किटमध्ये, याच कल्पनेची रूपं राज्य करत होती.

हे सगळं करायची गरज आहे का, असं पूर्वीही लोकांनी विचारलं आहे. क्रे-१ या महासंगणकाचं पहिलं यंत्र १९७६ मध्ये लॉस अलामोसला चाचणीसाठी गेलं, तेव्हा त्यात फक्त पॅरिटी, म्हणजे चूक झाली एवढंच सांगणारी तपासणी होती, दुरुस्ती नव्हती. सहा महिन्यांत १५२ पॅरिटी चुका नोंदल्या गेल्या. पुढच्या यंत्रांत सेकडेड आली. लॉस अलामोस समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे, हा तपशील तेव्हा कुणाच्या फारसा लक्षात आला नव्हता. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या आवरणातल्या सूक्ष्म युरेनियम-थोरियममधून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. वर्षभरात आयबीएमच्या झिगलर आणि येल विद्यापीठाच्या लॅनफर्ड यांनी विश्वकिरणांकडे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांकडे बोट दाखवलं; उंचावर त्यांचा मारा जास्त असतो. तेव्हापासून 'कॉस्मिक रे' हे उत्तर प्रत्येक बिघाडाला इतकं सोयीचं झालं की विचारू नका.

ही सोय जुना धडा विसरायलाही लावते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ मध्ये ॲपलचे १,१०० पॉवर मॅक जी-५ संगणक जोडून महासंगणक बांधला. जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत तो तिसरा आला, पण त्या यंत्रांत ईसीसी नव्हती. लांबलचक गणितं त्याच्यावर विश्वासाने चालवायची कशी? पुढच्याच वर्षी सगळी यंत्रं काढून ईसीसी असलेले ॲपलचेच एक्ससर्व्ह सर्व्हर बसवले गेले. त्याच २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्खारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. शक्य होती त्याहून जास्त, म्हणून सापडली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट. कारण सिद्ध झालं नाही, कारण उलटून गेलेला बिट मागे पुरावा ठेवत नाही. चूक चारशे मतांची असती तर कुणाच्या डोळ्यांवर आलीही नसती.

आता तुमच्या सर्व्हरकडे. तुमच्या नोंदी विश्वकिरणांच्या आहेत का? जवळपास नक्कीच नाहीत. एक तर आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ राहतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दक्षिण भारतावर कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांना जगातल्या इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा जास्त अडवतं, त्यामुळे सारख्याच उंचीवर, विश्वकिरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या न्यूट्रॉनचा इथला मारा उत्तर अमेरिकेपेक्षा बराच कमी असतो. दुसरं आणि महत्त्वाचं: विश्वकिरण पत्ता लक्षात ठेवत नाहीत. त्याच मॉड्यूलवर दर आठवड्याला चूक येत असेल तर ते मॉड्यूल, तो स्लॉट किंवा त्यामधली तार आजारी आहे.

आकडे हेच सांगतात. बियांका श्रोडर आणि गूगलच्या दोन सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अडीच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलांत किमान एक दुरुस्त झालेली चूक आढळली. चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नव्हत्या, थोड्या मॉड्यूलांत ढिगाने होत्या. ज्या मॉड्यूलमध्ये एक चूक दिसली त्यात त्याच महिन्यात दुसरी दिसण्याची शक्यता इतरांच्या १३ ते २२८ पट होती. दुरुस्त न होणाऱ्या चुकीची शक्यताही त्याच मॉड्यूलांत कितीतरी पटींनी वाढलेली होती. विक्रेत्याच्या 'दुर्लक्ष करा' ला माझा आक्षेप इथे आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे नोंदी नीट वाचणं. लिनक्सवर ईडॅक नावाची चुका टिपणारी व्यवस्था कर्नलमध्येच असते आणि रासडीमन ही सेवा तिच्या नोंदी एका छोट्या डेटाबेसमध्ये साठवते. विंडोज सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ लॉगरच्या नोंदी पाहा. सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपमध्ये, म्हणजे बीएमसीत, वेगळा लॉग असतो, आणि बऱ्याच सर्व्हरांत चुका आधी फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरकडे जातात. फर्मवेअर ठरावीक संख्येपर्यंत गप्प राहतं, मग ऑपरेटिंग सिस्टीमला एकदम सांगतं. त्यामुळे ईडॅकचा आकडा शून्य म्हणजे मेमरी निरोगी असं समजू नका. दोन्हीकडे पाहा.

नोंदीत चॅनेल (मेमरीकडे जाणारा मार्ग), स्लॉट (मॉड्यूलची खाच), रँक (एकदम काम करणारा चिपचा गट), बँक (चिपमधला विभाग), रो (आडवी ओळ) आणि कॉलम (उभी ओळ) मिळतात, निदान त्यातलं बरंचसं. आठवडाभराच्या नोंदी एका तक्त्यात टाका आणि आकृती शोधा. नेहमी एकच पत्ता येत असेल तर एक पेशी, म्हणजे एक बिट साठवणारी जागा, कमजोर आहे, फारशी काळजी नाही. एकच रो पण कॉलम वेगवेगळे, तर त्या ओळीची वर्डलाइन (ओळ निवडणारी तार) किंवा तिचा चालक बिघडतो आहे. एकच कॉलम पण रो वेगवेगळ्या, तर बिटलाइन (कॉलमची तार) किंवा सेन्स अँप्लिफायर (तिच्यावरचा संकेत वाचणारं सर्किट). अनेक बँका आणि प्रत्येक वेळी त्याच चिपचा बिट, तर चिप किंवा तिचा डेटा पिन. एकाच चॅनेलवरच्या दोन-तीन मॉड्यूलांत एकदम चुका असतील तर मॉड्यूलांना दोष देऊ नका; सॉकेटची पिन, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तपासा. फेसबुकच्या सर्व्हरांवरच्या २०१५ च्या अभ्यासातही बहुतांश चुकांची संख्या सॉकेट आणि चॅनेलच्या बिघाडांतून आलेली निघाली होती. शंका असेल तर संशयित मॉड्यूल आणि दुसऱ्या चॅनेलचं मॉड्यूल आपापसात बदला. चूक मॉड्यूलबरोबर गेली तर मॉड्यूल, जागेवरच राहिली तर बोर्ड. काढता-घालताना संपर्काच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ करा. समुद्राकाठच्या सर्व्हर खोल्यांत एवढ्यानेच चुका थांबल्याचं मी पाहिलं आहे, आणि तेव्हा सगळ्यात जास्त निराश होतो तो नवी मेमरी विकायला आलेला माणूस.

आकृती कळली की कोडचा प्रश्न अर्थपूर्ण होतो. सेकडेडचं गृहीतक असं की शब्दात एका वेळी एकच बिट बिघडेल. पण वरच्या यादीत पाहा: चिप किंवा तिच्या आतली मोठी रचना बिघडली तर तिच्याकडून येणारे सगळेच बिट संशयित होतात. मॉड्यूलवरची चिप एका वेळी चार किंवा आठ बिट देते. आठ बिट देणारी चिप पूर्ण गेली तर ७२ बिटांच्या शब्दातले आठ बिट गेले. सेकडेडला हे झेपत नाही. नशीब बरं असेल तर ओळखेल, नसेल तर पाचव्या बिटासारखी भलतीच 'दुरुस्ती' करेल.

आयबीएमने १९९० च्या दशकात यावर चिपकिल नावाने उपाय बाजारात आणला. त्यामागे दोन वाटा आहेत. पहिली वाट बिट विखुरण्याची. वर्गात गट पाडताना एका बाकावरच्या मुलांना मुद्दाम वेगवेगळ्या गटांत घातलं, तर अख्खा बाक गैरहजर राहिला तरी प्रत्येक गटाचा एकच जण कमी होतो. तसंच एका चिपचे चारही बिट चार वेगळ्या ईसीसी शब्दांत टाकायचे. प्रत्येक शब्दाला एकच चूक दिसते आणि जुनी सेकडेड पुरते. कोड बदललाच नाही, फक्त बिटांची जागा बदलली. किंमत म्हणजे चारपट रुंद मेमरी एकदम वाचावी लागते.

दुसरी वाट म्हणजे बिटाऐवजी चिन्हांचा विचार करणारा कोड. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेला कोड इथे कामाला येतो. सीडी आणि क्यूआर कोडमध्येही त्याचीच रूपं आहेत. एका चिपकडून आलेले सगळे बिट मिळून एक चिन्ह. चिन्हातला एक बिट बिघडला काय आणि सगळे बिघडले काय, कोडच्या लेखी ती एकच चूक. दोन तपासणी चिन्हं असली की अज्ञात जागेचं एक चिन्ह दुरुस्त होतं: एका समीकरणातून जागा, दुसऱ्यातून मूल्य. इथे एक सुंदर फायदा लपलेला आहे. कोणती चिप मेली आहे हे आधीच माहीत असेल तर जागा शोधायचा खर्च वाचतो, आणि त्याच दोन चिन्हांतून दोन ज्ञात मृत चिप भरून काढता येतात. म्हणजे नोंदी ठेवणारी, कोणती चिप वाईट आहे हे लक्षात ठेवणारी व्यवस्था त्याच कोडमधून जास्त ताकद काढते. चांगल्या सर्व्हर प्रोसेसरांमध्ये बिघडलेल्या चिपची माहिती राखीव जागेत हलवण्याच्या सोयी असतात त्या याच विचारातून.

ओक रिज प्रयोगशाळेच्या जॅग्वार महासंगणकावरच्या २०१२ च्या अभ्यासात दुरुस्त न झालेल्या मेमरी-चुकांमुळे नोड बंद पडण्याचं प्रमाण सेकडेडच्या तुलनेत चिपकिलने ४२ पटींनी कमी होतं, असं निघालं. माझ्या माहितीत इतक्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारा दुसरा निर्णय मेमरीच्या खरेदीत नाही. तो निर्णय मॉड्यूलच्या लेबलवर असतो. लेबलवर '२आर×४' किंवा '२आर×८' असं काहीसं लिहिलेलं असतं. ×४ म्हणजे चार बिट देणाऱ्या चिप. ७२ बिटांच्या एका रँकमध्ये अशा अठरा चिप येतात, सोळा माहितीच्या आणि दोन तपासणीच्या, म्हणजे वर म्हटलेली दोन चिन्हं. ×८ च्या नऊ चिप असतात आणि तपासणीला एकच उरते. पूर्ण चिपचं नुकसान भरून काढायला ती एकटी पुरत नाही. अशा वेळी दोन चॅनेल जोडून एकत्र वाचायचा पर्याय काही यंत्रांत असतो, पण त्यात मेमरीचा वेग जातो. तेव्हा नवी मेमरी घ्यायची असेल तर क्षमतेआधी ×४ विचारा, आणि बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, चिप-पातळीची दुरुस्ती चालू आहे ना ते पाहा. इंटेलच्या यंत्रांवर ती एसडीडीसी या नावाने दिसेल.

डीडीआर५ या मेमरीच्या पिढीबद्दल बाजारात एक गैरसमज जोरात आहे: 'डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असते, वेगळी कशाला?' मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या मानकात चिपच्या आत १२८ बिटांना ८ तपासणी बिट लावले आहेत, हे खरं. पण ती सोय मुख्यतः उत्पादकासाठी आहे. पेशी इतक्या लहान झाल्या की थोड्या कमजोर पेशी गृहीत धरूनच चिप विकावी लागते. ही आतली ईसीसी चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक पाहू शकत नाही, चिपच मेली तर काही करू शकत नाही, आणि प्रत्येक दुरुस्तीची बातमी बाहेर देत नाही. शिवाय ती फक्त एकच बिट दुरुस्त करणारी आहे. ८ तपासणी बिटांतून शून्य सोडून २५५ सिंड्रोम होतात. त्यातले १३६ एकेका बिटाच्या नावावर लावलेले आहेत. म्हणजे दोन चुकांचा सिंड्रोम साधारण निम्म्या वेळा कुठल्यातरी निर्दोष बिटाकडे बोट दाखवणार आणि आतल्या आत दोनाच्या तीन चुका होणार. बाहेर चिन्हांवर चालणारा कोड असेल तर फरक पडत नाही, तिन्ही चुका एकाच चिपमधल्या असल्याने एकाच चिन्हात मोडतात. बाहेर साधी सेकडेड असेल आणि तिन्ही एकाच शब्दात पडल्या तर तीसुद्धा फसू शकते. आतली आणि बाहेरची दुरुस्ती एकमेकींना ओळखत नसतील तर दोन थर म्हणजे दुप्पट सुरक्षा असं होत नाही.

डीडीआर५ सर्व्हर मॉड्यूल घेताना आणखी एक बारकावा. मॉड्यूलचे दोन स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकी ३२ बिट माहितीचे. तपासणीला प्रत्येक भागात ८ बिट दिलेले मॉड्यूल ८० बिटांचं होतं आणि ४ बिट दिलेलं ७२ बिटांचं. ×४ चिपमध्ये हा फरक भागामागे दोन तपासणी चिप की एक, असा आहे. ७२ वालं थोडं स्वस्त असतं. पूर्ण चिप गेली तरी काम चालू राहावं असं वाटत असेल तर ८० वालं घ्या. हाताशी असलेल्या यंत्रात काय आहे ते डीएमआयडीकोड या आज्ञेने कळतं: एकूण रुंदी आणि माहितीची रुंदी दोन्ही ६४ दाखवत असतील तर ईसीसी नाहीच, मग पावतीवर काहीही छापलेलं असो. डेस्कटॉप बोर्डांवर ईसीसी मॉड्यूल चालतं पण ईसीसी चालू नसते, असाही प्रकार सर्रास आढळतो. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २०२१ च्या जानेवारीत इंटेलवर जाहीर आगपाखड केली होती ती यासाठीच, की साध्या ग्राहकांच्या यंत्रांतून ईसीसी बाहेर ठेवून सगळ्या बाजाराचं नुकसान केलं. भाषा नेहमीसारखी तिखट होती, मुद्दा मात्र मला पटतो.

कोड आणि मांडणी ठरली की तिसरी गोष्ट येते: चुका साचू न देणं. एका शब्दात आज एक बिट उलटला, कुणी तो वाचला नाही, तीन महिन्यांनी दुसरा उलटला, की दुरुस्त होण्याजोग्या दोन घटनांची एक असाध्य घटना झाली. ६४ गिगाबाइटमध्ये ६४ बिटांचे साडेआठ अब्जांहून जास्त शब्द असतात. प्रोग्राम त्यातले कित्येक दिवसेंदिवस वाचत नाहीत. पेट्रोल स्क्रब, म्हणजे गस्त घालत केलेली सफाई, ही सोय पार्श्वभूमीवर सगळी मेमरी वाचत फिरते आणि सापडलेली चूक दुरुस्त करून परत लिहिते. फेरी बहुधा २४ तासांची असते. ती बायॉसमध्ये चालू ठेवा. डीडीआर५ मध्ये चिपच्या आतही तशीच फेरी आहे आणि तिची मोजदाद बाहेर वाचता येते, याचा उपयोग करा.

पण स्क्रब कायमचा बिघाड दुरुस्त करू शकत नाही. अडकलेला बिट परत लिहिला तरी अडकलेलाच राहतो, आणि त्या शब्दाची सगळी दुरुस्ती-क्षमता आधीच खर्च झालेली असते. त्यावर विश्वकिरणाचा एखादा खरा फटका बसला की संपलं. असा पत्ता वापरातून काढावा. लिनक्स मेमरीचा चार किलोबाइटचा तुकडा, म्हणजे एक 'पान', बाजूला काढू शकतो. एमसीईलॉग या चुका नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या मूळ मांडणीत २४ तासांत दहा चुका झाल्या की तसं होतं. एक-दोन पेशी किंवा एखादी रो बिघडली असेल तर हा उपाय छान. कॉलम बिघडला असेल तर पानं काढून काढून थकाल. डीडीआर४ पासून आणखी एक चांगली सोय आली: चिपमध्ये राखीव रो असतात आणि बिघडलेल्या रोच्या जागी त्यातली एक कायमची जोडता येते. याला पोस्ट-पॅकेज रिपेअर म्हणतात. बरेच सर्व्हर रीबूटच्या वेळी ती आपोआप करतात. म्हणजे कधी कधी 'रीबूट केल्यावर बरं झालं' यात खरोखर तथ्य असतं. राखीव रो मोजक्याच असतात, तेव्हा त्याच मॉड्यूलला परत परत रिपेअर लागत असेल तर ते बदला.

दुरुस्त झालेल्या चुका फुकट नसतात हेही सांगायला हवं. फर्मवेअरकडे जाणारी प्रत्येक चूक व्यवस्थापन-खंड, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारा इशारा, निर्माण करू शकते आणि त्या काळात सगळे कोर थांबतात. चुकांचा पाऊस पडू लागला की डेटाबेस विनाकारण अडखळतो, लोक क्वेरी तपासत बसतात, आणि दोष मेमरीत असतो.

दुरुस्त न होणारी चूक आलीच तर काय, याची तयारीही सुधारणेतच येते. जुनी यंत्रं सरळ बंद पडत. आता प्रोसेसर त्या माहितीवर 'विषारी' अशी खूण करतो आणि कुणी ती वापरायला गेलं तरच घंटा वाजते. लिनक्समध्ये २.६.३२ या आवृत्तीपासून ही सोय आहे: ज्या प्रोग्रामची माहिती बिघडली तेवढाच मारला जातो, बाकी यंत्र चालू राहतं. हे कागदावर असून उपयोग नाही; खोट्या चुका घालून पाहायची ईआयएनजे ही सोय सर्व्हरच्या फर्मवेअरमध्ये असेल तर नवा सर्व्हर कामाला लावण्याआधी एक दुरुस्त होणारी आणि एक न होणारी चूक घालून बघा. नोंद आली का, सूचना आली का, यंत्र टिकलं का.

मिररिंगबद्दल विचाराल म्हणून: सगळी मेमरी दुहेरी ठेवली तर क्षमता निम्मी होते. तुमच्या वापराला ते गरजेचं वाटत नाही.

ईसीसीच्या भरवशावर सोडू नये अशी एक गोष्ट म्हणजे रोहॅमर. एकच रो वेगाने पुनःपुन्हा उघडली की शेजारच्या रोमधले बिट गळतात. यूंगू किम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १२९ पैकी ११० मॉड्यूलांत हे करून दाखवलं. २०१५ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने त्यातून संगणकाचा ताबा घेतला, आणि नंतर ॲमस्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठाच्या गटाने ईसीसी असलेल्या मेमरीवरही हल्ला शक्य असल्याचं सिद्ध केलं: एका शब्दात पुरेसे बिट उलटवायचे, की कोड पुन्हा खोटं बोलतो. ईसीसी यादृच्छिक बिघाडासाठी आहे, ठरवून केलेल्या हल्ल्यासाठी नाही. त्यावरचा उपाय चिपमध्येच लागतो. २०२४ च्या डीडीआर५ मानकात प्रत्येक रो किती वेळा उघडली हे मोजण्याची तरतूद आली आहे. तुमच्या सर्व्हरवर अनोळखी लोकांची व्हर्च्युअल मशीन चालत नसतील तर हा धोका यादीत खाली ठेवा.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. रासडीमन आणि बीएमसी या दोन्हींचा लॉग काढा. त्या सर्व्हरचं फर्मवेअर अद्ययावत करा, पेट्रोल स्क्रब आणि चिप-पातळीची दुरुस्ती चालू आहे याची खात्री करा, मग पूर्ण बंद करून चालू करा, म्हणजे रिपेअर व्हायची असेल ती होईल. चुका चालूच राहिल्या तर मॉड्यूलची अदलाबदल. मॉड्यूलच दोषी निघालं तर विक्रेत्याला 'चुका येतात' असं सांगू नका. तारखा, स्लॉट, बँक, रो आणि मोजणी असलेला तक्ता पाठवा. वॉरंटीत बहुतेक ठिकाणी चुकांची मर्यादा लिहिलेली असते आणि असा तक्ता पाहिला की 'दुर्लक्ष करा' हे उत्तर सहसा परत येत नाही. बदली मॉड्यूल ×४ च आलं आहे ना, ते डबा उघडल्याबरोबर लेबलवर पाहा. ×८ पाठवून क्षमता सारखीच आहे असं सांगितलं जातं, आणि क्षमता खरंच सारखी असते.